हनुवटी बधिर होते तेव्हा

आपल्या कोल्हापुरात जबड्याची तक्रार निघाली की पहिला प्रश्न तंबाखूचा असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता. काही महिन्यांपूर्वी त्यांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचे निदान झाले होते. कावीळ उतरावी म्हणून नलिकेत स्टेंट बसविला होता. एके दिवशी दाढी करताना डावीकडचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर असल्याचे त्यांना जाणवले. घरच्यांनी दाढ काढण्याचे ठरविले.

हा कर्करोग मुळात विरळ. तो बहुधा यकृतात, लसीकाग्रंथींत, फुप्फुसांत पसरतो. जबड्यात अगदी क्वचित. आलाच तर बहुधा खालच्या जबड्यात, दाढांच्या बाजूस येतो. ओठाला व हनुवटीला संवेदना देणारी नस याच हाडातून जाते. गाठीने ती दाबली की बधिरता येते; ठणका वा सूज असेलच असे नाही. अशा वेळी दाढ काढली तर जखम भरत नाही, उलट खळग्यातून गाठच वर येऊ शकते.

म्हणून दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्यापूर्वी आपला जुना आजार त्यांना सांगा. हाडांसाठी झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन घेतले असल्यास तेही सांगा. त्यानंतर दात काढल्यास जबड्याचे हाड उघडे पडून कुजण्याचा धोका असतो.

जाता जाता काविळीविषयी. उतारवयात पोट न दुखता डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, शौच मातकट पांढरी होऊ लागली, तर गळ्यात माळ घालून वा नाकात थेंब सोडून आठवडे घालवू नका. सोनोग्राफी करा.

गुरुजींची दाढ काढली नाही. सीटी स्कॅन झाला, हाडाचा तुकडा तपासला. पेशी पित्तनलिकेच्याच निघाल्या. आजार बरा होणारा नाही, हे मी त्यांच्या मुलाला स्पष्ट सांगितले. वडिलांना सांगू नका, असे तो म्हणाला. पण गुरुजींनी मला सरळच विचारले, तेव्हा मी खोटे बोललो नाही. किरणोपचाराच्या मोजक्या बैठकांनी पुढे सुरू झालेला ठणका कमी झाला. चावणे अवघड होते. तांबडा रस्सा झेपणार नव्हता. सूनबाई पांढरा गाळून, कोमट करून देत. ओठ बधिर असल्याने तो किती गरम आहे, हे आधी त्या स्वतः पाहत.