औषधाची ठेव

आमच्या घरीं गेल्या दिवाळींत एक वाद झाला. तो आमच्या घरापुरताच असता तर वाचकांचा वेळ घेण्याचें कारण नव्हतें. परंतु थोड्याफार फरकानें तोच वाद आज घरोघरीं चालूं आहे असें दिसून आल्यावरून तो येथें मांडण्याचें योजिलें आहे.

भाऊबीजेचें जेवण आटोपून मंडळी ओसरीवर बसली होती. समोर खडकवासला धरणाचा फुगवटा काठोकाठ भरलेला. अमेरिकेंत स्थायिक झालेला आमचा भाचा बऱ्याच वर्षांनीं आला होता. बोलतां बोलतां चिरंजिवांनीं आरोग्यविम्याचा विषय काढला. घरगुती विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला खरा. पण मूळ हप्ताच वाढल्यामुळें हातीं कांहीं लागलें नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. त्यावर भाचा म्हणाला, "मामा, दुसऱ्यांच्या आजारासाठीं तुम्ही पैसे भरतांच कशाला? आमच्याकडे आरोग्याचें बचत खातें असतें. आपले पैसे, आपलें खातें, आपलें औषध. उरले तर तेही आपलेच." चिरंजिवांस हें तत्काळ पटलें. सूनबाई मात्र म्हणाल्या, "आजार कांहीं खात्यांत पैसे सांचेपर्यंत थांबत नाहीं." झालें, वादास तोंड फुटलें. आमच्या वहिनी बाजूस बसून तांदूळ निवडीत होत्या. त्यांस कोणीं कांहीं विचारलें नाहीं, आणि त्याही कांहीं बोलल्या नाहींत.

प्रथम भाच्याची बाजू न्यायानें सांगितली पाहिजे. अमेरिकेंत ८ डिसेंबर २००३ रोजीं झालेल्या कायद्यानें अशीं खातीं निघालीं. त्यांची रचना अशी कीं, मनुष्यानें मोठ्या आजारापुरता स्वस्त विमा घ्यावा. ठराविक रकमेपर्यंतचा खर्च त्या विम्यांतून मिळत नाहीं, तो त्यानें आपल्या खात्यांतून करावा. खात्यांत भरलेल्या रकमेवर कर नाहीं, तिच्या वाढीवर कर नाहीं, आणि ती औषधोपचारांसाठीं काढली तर तेव्हांही कर नाहीं. उरलेली रक्कम पुढील वर्षांत चालत जाते. पुरस्कर्त्यांचें म्हणणें असें कीं, परक्याच्या पैशानें मनुष्य चार तपासण्या अधिक करून घेतो, स्वतःच्या पैशानें दर विचारून करतो. यांत तथ्य नाहीं असें कोण म्हणेल? शिवाय आपल्याकडील विमा बहुधा रुग्णालयांत निजल्यावांचून कांहीं देत नाहीं. चष्मा, दांत, रोजची रक्तदाबाची गोळी, हें सारें पदरमोडीनेंच चालतें. सरकारी हिशेबाप्रमाणें आपल्या देशांतील एकूण आरोग्यखर्चापैकीं लोकांच्या खिशांतून थेट जाणारा भाग २०१३-१४ सालीं ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ सालीं ३९.४ टक्क्यांवर आला. आला तरी तो थोडा नव्हे. अशा खर्चासाठीं घरांत तरतूद असावी, याविषयीं दुमत नाहीं.

आम्ही स्वतः ही तरतूद करून बसलों होतों, आणि तिनें आम्हांस काय शिकविलें तें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पुढील विद्या संस्कृत पाठशाळेंतली, आणि सारा जन्म शाळेंत रूपें व समास शिकविण्यांत गेला. २०१६ सालीं निवृत्त झालों तेव्हां हातीं आलेल्या रकमेपैकीं चार लक्ष रुपये आम्हीं बाजूस काढून बँकेंत मुदतीनें ठेविले. घरांत तिला "औषधाची ठेव" असेंच नांव पडलें. आमचे वडील बंधु २००९ सालीं वारल्यापासून वहिनी आमच्याच घरीं आहेत. त्यांस अपत्य नाहीं. त्यांचें नांव विम्यांत घालावें म्हणून आम्हीं खटपट केली. परंतु वय सदुसष्ट आणि मधुमेह जुना, हें ऐकतांच विमेवाल्यानें कागद परत केले. तेव्हां ठेवीवरच सारी भिस्त राहिली. वर्षअखेर व्याज मुद्दलांत मिळवावें, आणि पाडव्याच्या दिवशीं पंगतींत सांगावें कीं, देवाच्या कृपेनें यंदाही ठेवीला हात लावावा लागला नाहीं, हा आमचा परिपाठ झाला. तें सांगतांना आम्हांस मोठें समाधान वाटे.

२०१८ च्या श्रावणांत वहिनी किंचित् लंगडतांना दिसूं लागल्या. विचारलें तर म्हणत, पावसाळी हवेनें सांधे धरले आहेत. पुढें एके दिवशीं धुण्यांत सूनबाईंस एक चिंधी सांपडली. तिला दुर्गंधी येत होती. तेव्हां सारा प्रकार उघडकीस आला. नव्या चपलेचा अंगठा लागून पायास जखम झाली होती. मधुमेहामुळें पायाची संवेदना मंदावलेली. म्हणून दुःख बेताचें, आणि जखम मात्र आंतून वाढत गेलेली. वहिनी हळद लावून तीवर चिंधी बांधीत, व कोणास दिसूं नये म्हणून पहाटे सर्वांच्या आधीं उठून ती बदलीत. रुग्णालयांत नेलें तेव्हां दोन बोटें काळीं पडलेलीं होतीं. तीं काढावीं लागलीं. सोळा दिवस राहावें लागलें, आणि दोन लक्ष बासष्ट हजार रुपये लागले. ठेव मुदतीपूर्वीं मोडली. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आधीं आणलें असतें तर मलमपट्टीवर आणि थोड्या औषधांवर भागलें असतें.

पैसे गेल्याचें दुःख नव्हतें. ते त्यासाठींच होते. दुःख निराळेंच होतें. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशीं वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भावोजी, ठेव तुमच्या घामाची. माझ्यापायीं मोडायला नको होती. तुम्ही दर पाडव्याला किती आनंदानें सांगत होतां, अजून हात लावावा लागला नाहीं म्हणून." वाचकहो, त्या वेळीं आम्हांस मान वर करवेना. जी रक्कम आजाऱ्याच्या उपयोगासाठीं ठेविली, तीच न मोडण्याचा आम्हीं उत्सव मांडला होता. आणि घरांतील ज्या माणसाला ती आपली आहे असें म्हणण्याचा सर्वांत कमी धीर, त्यानें आपलें बोट देऊन तो उत्सव राखला.

सांचविलेल्या पैशाचा हा स्वभाव आहे. त्यावर नांव एकाचें असतें, आणि मोडतांना प्रत्येकास अपराध केल्यासारखें वाटतें. हा केवळ आमच्या घरचा अनुभव नव्हे. अमेरिकेंतच रँड नांवाच्या संस्थेनें १९७४ ते १९८२ या काळांत एक मोठा प्रयोग केला. कांहीं कुटुंबांस उपचार फुकट दिले, कांहींस खर्चाचा वांटा उचलावयास लाविला. ज्यांस वांटा होता तीं कुटुंबें डॉक्टरकडे कमी गेलीं, हें अपेक्षेप्रमाणें झालें. पण त्यांनीं टाळलें तें केवळ अनावश्यक नव्हतें; आवश्यक आणि अनावश्यक हीं दोन्ही जवळजवळ सारखींच टाळलीं गेलीं. सामान्य मनुष्याच्या प्रकृतींत त्यामुळें विशेष बिघाड दिसला नाहीं. परंतु जे गरीब आणि आधींच आजारी होते, त्यांस तें बाधलें. दुखणें थोडें कीं मोठें, हें रोग्यास कळतें कोठें? वहिनींसही तें कळलें नव्हतें.

सिंगापूरचा दाखला तर अधिक बोलका आहे. तेथें १९८४ सालीं प्रत्येक पगारदाराच्या वेतनांतून सक्तीनें औषधाचें खातें सुरू केलें. जगांतील अशा खात्यांचा तो आद्य नमुना म्हणतां येईल. पण एकट्या खात्यानें भागेना. म्हणून १९९० सालीं मोठ्या आजारांसाठीं विमा जोडला. १९९३ सालीं निर्धनांसाठीं निराळा निधि काढला. आणि २०१५ सालीं तो विमा सर्व नागरिकांस, जुना रोग असलेल्यांसही, लागू केला. म्हणजे ज्या देशानें खात्यापासून आरंभ केला, तोही तीस वर्षांनीं सर्वांच्या सामाईक निधीपर्यंत येऊन पोंचला.

संस्कृतांत योगक्षेम असा एक शब्द आहे. आयुर्विमा महामंडळाच्या मुंबईंतील मुख्य कचेरीसही तेंच नांव दिलेलें आहे. वर्गांत हा समास सोडवितांना आम्ही सांगत असूं कीं, जें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हें क्षेम. बचत हा योग झाला. तो एकट्यास साधतो. परंतु क्षेम एकट्याच्या हातचें नाहीं. पूर्वींच्या एकत्र कुटुंबांत एकाचें दुखणें पंधरा माणसांत वांटलें जाई, म्हणून तें पेलत असे. आज घरांत माणसें पांच, आणि शस्त्रक्रिया लक्षांची. तेव्हां क्षेमासाठीं कुटुंबच मोठें करणें भाग आहे. आणि विमा किंवा सरकारी योजना म्हणजे दुसरें काय आहे?

आमच्याच आळींत पाहा. जलविद्युत संशोधन केंद्रांतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांकडे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचें कार्ड आहे. पलीकडे सैन्यांतून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात. त्यांस माजी सैनिकांसाठीं २००३ सालीं निघालेल्या योजनेचें कार्ड आहे. कोपऱ्यावरील दुधवाल्याकडे केशरी शिधापत्रिका. त्यास २०१२ सालीं राजीव गांधी यांच्या नांवानें सुरू झालेल्या, आणि पुढें महात्मा फुले यांचें नांव दिलेल्या, राज्याच्या योजनेचा लाभ मिळत आला. मध्यें आमचें घर. आमची शिधापत्रिका शुभ्र. २०१८ सालीं त्या योजनेंत शुभ्र पत्रिकेस जागा नव्हती. खरें सांगावयाचें तर तिच्या शुभ्रपणाचा आम्हांस थोडा अभिमानच होता, आणि सरकारी योजना ही दुसऱ्या कोणासाठीं असते अशी आमची समजूत होती. आपल्या सुशिक्षित घरांतून ही समजूत फार आहे. तिची किंमत घरांतील विधवा आणि वृद्ध माणसें देतात.

आतां ती अडचण बरीच दूर झाली आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानें महात्मा फुले योजना शुभ्र पत्रिकेसह सर्व कुटुंबांस खुली झाली, आणि वर्षाकाठीं दीड लक्षाची मर्यादा पांच लक्षांवर नेली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेंत वर्षास पांच लक्षांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळूं लागले. ज्या वहिनींस विमेवाल्यानें वय पाहून नाकारलें, त्यांस आतां वय पाहूनच कार्ड मिळालें. खासगी विम्यांतही १ एप्रिल २०२४ पासून प्रवेशाच्या वयाचा ६५ वर्षांचा अडसर निघाला आहे. पैसे नाहींत म्हणून कोणी उपचारांस मुकूं नये, हें सूत्र भोर समितीनें १९४६ सालींच मांडलें होतें. तेथवर आपण अद्याप पोंचलों नाहीं. पण पाऊल त्या दिशेनें पडत आहे.

कोणी म्हणेल, सरकारी योजनेंत सर्व रुग्णालयें नाहींत, ठरीव दर रुग्णालयांस परवडत नाहींत, त्यांचीं देयकें थकतात. हें खोटें नाहीं. यावर आमच्या गांवाचें उदाहरण द्यावेसें वाटतें. पूर्वीं येथें प्रत्येक घरीं पाण्याचा रांजण असे, आणि तो असावाच. पण रांजणावर कोणी उन्हाळा काढला नाहीं. उन्हाळ्यासाठीं धरणच लागतें. हें धरण १८७९ सालचें. १२ जुलै १९६१ रोजीं वरच्या अंगाचें, बांधकाम चालू असलेलें, पानशेत धरण फुटलें. त्या लोंढ्यानें हेंही फुटलें, आणि पुण्यांत हाहाकार उडाला. त्या वेळीं आम्ही तीन वर्षांचे होतों. परंतु म्हणून पुणेंकरांनीं धरण सोडून रांजण मोठे केले नाहींत. धरणच पुनः बांधलें. सामाईक निधीचें असेंच आहे. त्यास गळती लागते, म्हणून राखण वाढवावी, तक्रार करावी, हिशेब मागावा. पाठ फिरवूं नये. सुशिक्षितांनीं पाठ फिरविली तर हिशेब मागणार कोण?

भाऊबीजेच्या त्या संध्याकाळीं हें सारें आम्हीं भाच्यास सांगितलें. वहिनींच्या पायाची हकीकत त्यास ठाऊक नव्हती. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मामा, खातें वाईट नाहीं, पण तें एकटें पुरत नाहीं, हें खरें." आम्हीही तेवढेंच म्हणत होतों. चिरंजिवांनीं विमा चालूं ठेवण्याचें ठरविलें. आम्हांस सत्तरी गांठावयास अद्याप अवकाश आहे. तोंवर आमचेंही नांव त्यांतच राहील. महात्मा फुले योजनेचे कागद दुसऱ्याच आठवड्यांत पुरे केले.

औषधाची ठेवही आम्हीं मोडून टाकिली नाहीं. मात्र ती आतां मुदतीची नाहीं. केव्हांही काढतां यावी अशी ठेविली आहे, आणि तिचें पुस्तक वहिनींच्या पेटींत असतें. नियम एवढाच केला कीं, ज्यास दुखेल त्यानें त्याच दिवशीं सांगावें. आणि पाडव्याला किती उरले हें न सांगतां, कोणाकोणाच्या प्रकृतीसाठीं किती लागले हें सांगावें.

यंदाच्या पाडव्याला तो हिशेब वहिनींनींच वाचला. चिरंजिवांची दाढ, सौभाग्यवतींचा चष्मा, नातवाचा ताप. शेवटीं किंचित् संकोचून त्या म्हणाल्या, "आणि माझ्या पायासाठीं मऊ चपला, साडेअकराशें रुपये." पंगतींत कोणी कांहीं बोललें नाहीं. सूनबाईंनीं त्यांच्या पानांत आणखी एक पुरी वाढली.