मेलेल्या बॅटरीचा पंचनामा

सदाशिव पेठेत बॅटरीचं दुकान चालवायचं, तर गिऱ्हाईक सगळं वाचूनच आलंय असं धरून चालावं लागतं. अँपिअर-अवर, वॉरंटी, बायबॅकचा भाव, तिन्ही तोंडपाठ. "दीडशे एएचची ट्युब्युलर, छत्तीस अधिक चोवीस महिने. किती सोडाल?" मी लगेच आकडा बोलत नाही. विचारतो, "आधीची कशानं गेली?" पुष्कळांना हा आगाऊपणा वाटतो. गेली ती गेली, आता तिची चौकशी कशाला? मला मात्र त्या चौकशीशिवाय नवी कोणती द्यायची ते ठरवता येत नाही.

जुनी बॅटरी आली की भंगारात ढकलण्याआधी थोडी चार्ज करून तिची सहाही बुचं उघडतो. हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबायचा, नळी सेलमध्ये घालून आम्ल वर ओढायचं, आतला तरंगता दांडा काचेला चिकटलेला नाही ना ते बघायचं आणि डोळा पातळीत आणून आकडा वाचायचा. आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत पूर्ण चार्जला ग्रॅव्हिटी १.२४०च्या आसपास असते. पाच सेल १.२२० दाखवतायत आणि चौथा १.१३०वर बसलाय, तर तो एकच सेल गेलाय, बाकीचे धडधाकट आहेत. सहाच्या सहा १.१५०ला अडकले असतील, तर तिला पोटभर चार्जिंग मिळालेलंच नाही. प्लेटांवर शिशाचं सल्फेट साचून कडक झालंय. आम्ल तपकिरी, गढूळ आलं, तर प्लेटांवरचा माल झडलाय. आणि बुचातून टॉर्च मारला तरी पाणी दिसत नसेल, प्लेटांची वरची कड कोरडी पडली असेल, तर मग घरच्यांकडे वळून बघावं लागतं.

पेठेत हा शेवटचा प्रकार सर्वांत जास्त. २००५च्या आगेमागे राज्यात भारनियमन होतं, तेव्हा घरोघरी इन्व्हर्टर आले. पुण्यात २००६मध्ये कारखान्यांचे स्वतःचे जनरेटर कामाला लावून भारनियमन बंद करण्याचा प्रयोग झाला. इन्व्हर्टर मात्र घरात राहिलेच. आता वीज जाते ती केबल खोदकामात तुटली किंवा वळवाच्या पावसात फांदी पडली तर. म्हणजे निवृत्त काकांच्या फ्लॅटमधली बॅटरी वर्षभर भरलेलीच बसून असते, कामानं झिजत नाही. ती मरते उकाड्यानं आणि कोरड पडून. कपाटात कोंडलेली, वर जुनी वर्तमानपत्रं. तापमान दहा अंशांनी चढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. असे काका दोनशे एएच मागतात, तेव्हा मी त्यांना तितकी घेऊ देत नाही. दीडशे पुरते, फक्त कपाटाचं दार काढा. पाणी कुठलं घालता, असं विचारल्यावर "चांगलं बिसलेरीचं!" असं अभिमानानं सांगणारेही भेटतात. खनिजं माणसाला मानवत असतील, प्लेटांना डिस्टिल्डच लागतं.

अभ्यासिकांची गोष्ट निराळी. एमपीएससीची पोरं रात्री उशिरापर्यंत बसलेली, पंखे, दिवे, वायफाय सगळं चालू. तिथे वीज गेली की बॅटरीचा खरोखर घाम निघतो. बहुतेक ठिकाणी दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, चोवीस व्होल्टचा इन्व्हर्टर. एक गेली की मालक म्हणतो, "सर, एकच बदला ना!" एका जोखडाला तरणा आणि म्हातारा बैल जुंपल्यावर जे होतं तेच इथे होतं. म्हातारी लवकर भरते, लवकर रिकामी होते आणि नवीला आपल्या चालीनं चालवते. जोडी बदलायची नसेल तर थांबा, पण अर्धी बदलू नका, असं मी सांगतो. धंदा बुडतो कधी कधी.

आता एक नवं गिऱ्हाईक येऊ लागलंय. २०२१मध्ये राज्यानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. हौशी लोकांनी व्हॅन आतून घरासारख्या करून घ्यायला सुरुवात केली ती साधारण त्याच सुमाराला. त्यातलंच एक जोडपं मागे आलं होतं. आतल्या फ्रिज-दिव्यांसाठी त्यांना बॉडीवाल्यानं ट्रकची बॅटरी बसवून दिलेली. एका मोसमात ती बसली. बूच उघडलं तर आम्ल चहाच्या रंगाचं. मला पुढे काही विचारायची गरजच नव्हती. गाडी स्टार्ट करणाऱ्या बॅटरीत पातळ प्लेटा दाटीनं भरलेल्या असतात, क्षणभर प्रचंड करंट द्यायला. रोज रात्री हळूहळू अर्धी रिकामी व्हायला जाड प्लेटा लागतात, किंवा नळ्यांत कोंबलेला माल. १८५९मध्ये गास्तों प्लांतेनं शिशाची पहिली बॅटरी केली, तेव्हापासून पातळ-जाडचा हा हिशेब सुटलेला नाही.

त्यांच्यासमोर कागद घेऊन बसलो. बारा व्होल्टचा छोटा फ्रिज ४५ वॅटचा, निम्मा वेळ चालला तर दिवसाला ५४० वॅट-अवर. पंखा, दिवे, दोन लॅपटॉप, मोबाइल धरून साधारण हजार. बारानं भागले की ८० ते ८५ एएच. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे १७० एएच हवी. तिचं वजन साठ किलोच्या घरात, वर हायड्रोजन सोडणार आणि वरंध घाटात आम्ल हिंदकळणार. माणसं जिथे झोपतात तिथे उघडी ट्युब्युलर मी ठेवू देत नाही. लिथियम फॉस्फेटची शंभर एएचची बारा-तेरा किलोंत बसते आणि ऐंशी बिनघोर वापरता येते. महाग आहे खरी. शिवाय अल्टरनेटरला ती थेट जोडायची नाही. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो, म्हणून मधे डीसी-डीसी चार्जर हवा. आणि स्पितीला न्यायची असेल, तर शून्याखाली तिला चार्ज करायचं नाही. हे ऐकून बाईंनी वहीत लिहून घेतलं, साहेबांनी घरच्या इन्व्हर्टरलाही लिथियमच टाकू का विचारलं. नको म्हटलं. घरी ती वर्षभर बसूनच राहणार.

होडीवाले मात्र लिथियमचं नाव काढू देत नाहीत. पुण्यात मुलीकडे आलेला हर्णैचा एक तांडेल चौकशीला आला होता, वायरलेस, जीपीएस, दिवे आणि इंजिन सगळं एकाच बॅटरीवर. "बिघडली तर आमच्याकडे उघडणार कोण?" त्याचं बरोबर होतं. त्याला वेगळ्या दोन सांगितल्या: इंजिनाची इंजिनालाच, बाकीच्याला सीलबंद जेल, मधे स्विच. रात्रभर दिवे जाळून सकाळी खोल पाण्यात स्टार्टर फिरला नाही, तर ढकलायला तिथे कोण येणार? सीलबंद अशासाठी की खारं पाणी उघड्या सेलमध्ये शिरलं तर क्लोरीन सुटू शकतो.

पुढच्या खेपेला तो जुनी बॅटरी घेऊन आला, पण बायबॅकला द्यायला तयार होईना. आतलं शिसं वितळवून जाळ्याला गोळ्या करणार म्हणाला. अंगणात, चुलीवर. घरात नातवंडं आहेत का, विचारलं. होती. शिशाच्या धुरानं पोरांच्या मेंदूचं काय होतं ते सांगितलं, जुनी बॅटरी नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवी असा २०२२चा नियम दाखवला. नियमाचं त्याला काही वाटलं नाही. नातवंडांचं ऐकून गप्प झाला, मग म्हणाला, "बरं, पण किलोमागे वाढवून द्या." दिले.