विल्हेवाट

काही शब्द आपण इतके वापरतो, की त्यांचा मूळ अर्थ झिजून जातो. 'विल्हेवाट' हा त्यांतलाच एक. वर्गात या शब्दाचा वाक्यात उपयोग करायला सांगितला, की बहुतेक वह्यांतून चोर चोरीच्या मालाची विल्हेवाट लावतात आणि उरलेल्या वह्यांतून महापालिका कचऱ्याची लावते. एखादी वस्तू डोळ्यांआड करणे, एवढाच अर्थ आता उरला आहे. जुन्या मराठीत मात्र विल्हेवाट लावणे म्हणजे व्यवस्था लावणे. जे जिथले ते तिथे ठेवणे, ज्याचे त्याच्या स्वाधीन करणे. घरचा कर्ता पुरुष मरण्यापूर्वी आपल्या जमीनजुमल्याची विल्हेवाट लावी, ती काही तो फेकून देण्यासाठी नव्हे.

आमच्या बोळिंजच्या माणसाला हा जुना अर्थ कळणे अवघड जाऊ नये. विरारहून आगाशीला जायच्या वाटेवरचे हे गाव. आता म्हाडाच्या उंच इमारतींमुळे ते मुंबईच्या लोकांना ऐकून माहीत झाले आहे. पण त्या इमारतींच्या पलीकडे केळीच्या आणि नारळाच्या वाड्या अजून शिल्लक आहेत आणि काही वाड्यांतून बावखलेही आहेत. ज्यांनी बावखल पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. वाडीत खोदलेले ते लहानसे तळे असते. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरींना गोडे पाणी पुरवते. पश्चिमेला अर्नाळ्याचा खारा समुद्र इतका जवळ असून आमच्या विहिरी गोड राहिल्या, त्या या बावखलांमुळे. त्यामुळे जमिनीत घातलेले नाहीसे होत नाही, ते कधी ना कधी पोहऱ्यातून वर येते, हे ज्ञान इथल्या बायकांना कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

म्हणूनच माझ्या सासूबाईंनी एका डॉक्टरांना विचारलेला प्रश्न मला अडाणीपणाचा वाटला नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जावेला थायरॉइडचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर मुंबईतल्या एका रुग्णालयात तिला किरणोत्सर्गी आयोडीन दिले. औषध म्हणजे एक साधी कॅप्सूल. पण ती घेतल्यावर तिला तीन दिवस एका स्वतंत्र खोलीत ठेवले. भेटायला कोणी आत जायचे नाही, डॉक्टरही दाराशी उभे राहून बोलत. तिची तीन वर्षांची मुलगी माझ्या कुशीत झोपे आणि झोपेत तिचा हात माझ्या गळ्यातली पोत चाचपडे. आईची ही नव्हे, हे ध्यानात आले की ती जागी होई. घरी सोडताना डॉक्टरांनी सूचना दिल्या. मुलीला काही दिवस जवळ घ्यायचे नाही, निराळे निजायचे, कपडे निराळे धुवायचे, संडासात दोन वेळा पाणी ओतायचे.

सासूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पाणी दोनदा ओतलं काय नि चारदा ओतलं काय, ते आमच्या वाडीतच मुरायचं. पुढं विहीर आहे. मग ते जायचं कुठं?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी केसपेपरच्या पाठीवर पेन्सिलीने आकृती काढली. जाऊ ज्या खोलीत होती तिथल्या मोरीचे पाणी शहराच्या गटारात थेट जात नाही. ते वेगळ्या टाक्यांत साठवतात. एक टाकी भरली, की ती बंद करून दुसरी उघडायची आणि पहिलीतले पाणी मोजून पाहिल्याशिवाय सोडायचे नाही. या आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. सोळा दिवसांनी पाव, आणि ऐंशी दिवसांनी जेमतेम हजारावा हिस्सा. रोग्याच्या अंगातला किरणोत्सर्गही मोजतात आणि ठरलेल्या मर्यादेखाली आला तरच त्याला घरी सोडतात. वाडीत मुरेल ते त्या मर्यादेच्या आतले, आणि तेही दर आठवड्याला उतरत जाणारे.

सासूबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे लोणच्यासारखं. मुरू द्यायचं, नि मुरेपर्यंत कोणी झाकण काढायचं नाही."

"आजी, अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "आम्हांला काळजी वाटते ती झाकणाचीच. कोणती बरणी कुठं ठेवली, हे विसरलं जातं त्याची."

विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या पुस्तकापाशी संपला. पण डॉक्टरांचे हे शेवटचे वाक्य मनात राहिले, आणि पुढे मिळेल ते वाचत गेले तेव्हा त्याचा अर्थ उलगडत गेला.

ब्राझीलमध्ये गोयानिया नावाचे शहर आहे. तिथले एक खाजगी किरणोपचार केंद्र 1985 साली दुसरीकडे हलले आणि कर्करोगावरच्या उपचाराचे एक जुने यंत्र मागे पडक्या इमारतीत राहिले. सप्टेंबर 1987 मध्ये दोघांनी ते भंगार म्हणून उचलले. आतल्या डबीत सीझियम-137 ची भुकटी होती, शंभर ग्रॅमदेखील नव्हे. अंधारात ती निळी चमके. भंगारवाल्याने कौतुकाने ती आप्तेष्टांना वाटली. कोणी अंगाला चोळली. एका सहा वर्षांच्या मुलीने त्याच हातांनी जेवण केले. ती मुलगी आणि आणखी तिघे दगावले. एक लाखाहून अधिक लोकांना तपासावे लागले, 249 जणांत किंवा त्यांच्या अंगावर तो पदार्थ सापडला आणि त्या मूठभर भुकटीने बाटवलेली घरे, माती नि सामान मिळून सुमारे 3,500 घनमीटर कचरा पुरावा लागला.

आपल्या देशातही हेच घडले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-60 चे एक यंत्र 1968 पासून होते. 1985 नंतर ते कोणी वापरले नाही. 2010 साली ते भंगारात लिलावाने विकले गेले आणि मायापुरीच्या बाजारात कारागिरांनी ते फोडले. हात भाजले, केस गळले, एक जण मेला. तिथे रोग ओळखला तो डॉक्टरांनी. यंत्र कुठून आले याचा शोध त्यानंतर लागला. दोन्ही ठिकाणी ना युद्ध होते, ना अणुभट्टीचा स्फोट. एक वस्तू दवाखान्यातली, दुसरी विद्यालयातली. दोन्ही माणसाच्या उपयोगासाठी आणलेल्या, आणि उपयोग संपल्यावर कोणाच्याच स्वाधीन नसलेल्या.

आता आमच्या शेजारचीच गोष्ट. विरारहून डहाणूच्या गाडीत बसले, की तासाभरात बोईसर येते. तिथून जवळच तारापूर. देशातले पहिले अणुवीज केंद्र तिथे 1969 साली सुरू झाले. आमच्या गावापासून ते सरळ रेषेत 45 किलोमीटरच्या आसपास असेल. पुढच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, आणि त्यांची पोटतिडीक आमच्या जिल्ह्याला चांगली माहीत आहे. पण भट्टीत जळून उरलेल्याचे काय होते, याची चौकशी फारसे कोणी करत नाही. वापरलेल्या इंधनातून कामाचे ते काढून घेतात. मागे उरलेले अतिजहाल द्रावण वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत ओततात. हे काम करणारा कारखाना तारापूरला 1985 पासून आहे. ते डबे हवेने थंड राहणाऱ्या तळघरात ठेवतात. खोल खडकात कायमचे ठेवण्याची जागा आपल्याकडे अजून झालेली नाही. फिनलंडने चारशे मीटरहून खोल बोगदे खणून तशी तयारी केली आहे.

त्या काचेतल्या सीझियमचा नि स्ट्राँशियमचा जोर निम्मा व्हायला तीस वर्षांच्या आसपास लागतात. सासूबाईंच्या लोणच्याचा हिशेब लावायचा, तर हजारावा हिस्सा व्हायला तीनशे वर्षे. चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला 1739 साली. त्या दिवशी बरणीला दादरा बांधला असता, तर तो सोडायची वेळ आजही आली नसती. आणि प्लुटोनियमचा जो अंश मागे राहतो, त्याचे निम्मे व्हायलाच 24,000 वर्षे लागतात.

इतक्या लांबच्या मुदतीपुढे डॉक्टर काय करणार? ते एकच करू शकतात, आणि ते त्यांनी वेळोवेळी केलेले आहे. ते माणसांना विचारतात आणि लिहून ठेवतात. इंग्लंडात डॉ. अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी कर्करोगाने मुले गमावलेल्या आयांना गरोदरपणाबद्दल प्रश्न विचारले. 1956 आणि 1958 साली त्यांनी दाखवून दिले, की पोटात असताना ज्यांच्या आईचा एक्स-रे काढला होता, त्या मुलांत हा रोग जवळजवळ दुप्पट आहे. वैद्यकीय जगाने हे पुष्कळ वर्षे मानले नाही. पण अखेर मानले. अमेरिकेत सेंट लुईसला डॉ. लुईस रीस या बाईंनी 1958 च्या अखेरीपासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. आपल्याकडची मुले दात कौलावर टाकतात. तिथल्या मुलांनी तीन लाखांवर दात धाडले. त्यांत अणुस्फोटांतून आलेले स्ट्राँशियम वाढत गेलेले आढळले. 1963 साली हवेतल्या अणुचाचण्या थांबवण्याचा करार झाला, त्याच्यामागे या दातांचेही बळ होते.

आपल्याकडे राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुकेंद्राजवळ डॉ. संघमित्रा गाडेकर आणि त्यांचे पती सुरेंद्र गाडेकर यांनी 1991 साली घरोघर पाहणी केली. जवळच्या गावांत जन्मजात व्यंगे दूरच्या गावांपेक्षा अधिक आहेत, असे त्यांनी मांडले. अणुऊर्जा खात्याला ते पटले नाही. दोघांतले कोण बरोबर, हे मी सांगू शकत नाही. पण असा वाद मिटवायचा एकच मार्ग मला शाळेतल्या नोकरीने शिकवला आहे. आमच्या शाळेचे जनरल रजिस्टर कधीच रद्दीत जात नाही. पन्नास वर्षांपूर्वी शाळा सोडलेला माणूस जन्मतारखेसाठी भांडत येतो, तेव्हा कोणाचीही आठवण कामाला येत नाही, रजिस्टर येते. आजाराचेही तसेच रजिस्टर हवे, आणि ते भांडण सुरू होण्याच्या आधीपासूनचे हवे. मुंबईत कर्करोगाची नोंदवही 1963 मध्ये सुरू झाली आणि बार्शीसारख्या ठिकाणी 1987 पासून खेड्यापाड्यांतल्या रोग्यांची नोंद होते आहे, म्हणजे हे आपल्याला न जमणारे नाही. अशी नोंद नसेल, तर 'काही धोका नाही' हे सरकारी आश्वासन आणि 'सगळे मरणार' ही गावातली आवई, दोन्ही सारख्याच निराधार ठरतात.

कोणी म्हणेल, कागद किती टिकणार? दगडावर कोरून ठेवा. 1981 साली अमेरिकेत शास्त्रज्ञ आणि भाषातज्ज्ञ यांची एक समितीच नेमली होती. 10,000 वर्षांनंतरच्या माणसाला 'इथे खणू नकोस' हे कसे कळवावे, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. आमच्या भागात राहणाऱ्याला याचे उत्तर रस्त्याच्या कडेला दिसते. शेजारच्या सोपाऱ्यात 1882 साली अशोकाच्या राजाज्ञेचा तुकडा सापडला. दगड टिकला, अक्षरेही टिकली; पण मधली कित्येक शतके ती लिपी वाचणारा माणूसच उरला नव्हता. ती वाचता आली 1837 साली. उत्तर कोकणात शिलाहारांच्या वेळचे गधेगाळही पुष्कळ आहेत. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली, दान मोडणाऱ्याला उच्चारूही नये अशी शिवी. 'या जमिनीला हात लावू नका' एवढाच त्याचा निरोप. पुढे लोक तो निरोप विसरले, आणि कितीतरी ठिकाणी त्या दगडाला शेंदूर फासून देव केला.

तेव्हा दगडावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. दर पिढीत वाचणारा माणूस तयार करावा लागतो. रुग्णालयातल्या टाक्या असोत, विद्यापीठातले जुने यंत्र असो, की तारापूरचे काचेचे डबे असोत; ते कोणाच्या स्वाधीन आहेत, शेवटचे कोणी नि कधी मोजले, आजूबाजूच्या गावांत कोणाला काय आजार झाला, हे दर वर्षी लिहिले जावे. आणि लिहिलेले कचेरीच्या कपाटात न ठेवता जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामसभेत, प्रत्येक प्रभागात मोठ्याने वाचून दाखवावे. वाडीत पाणी ओढणाऱ्या बाईला हटकून प्रश्न विचारता येईल, अशा सोप्या मराठीत.