उभ्या गाडीची चाल

मोटारीचे गुणावगुण तिच्या वेगावरून ठरविण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस कधीच पटलेली नाही. मोकळ्या रस्त्यावर धावणे बहुतेक इंजिनांस साधते. त्या वेळी आत येणारी हवा विपुल असते, फ्लायव्हील जोराने फिरत असते, आणि एखादा स्फोट हुकलाच तर पुढचा स्फोट ती उणीव भरून काढतो. खरी कसोटी लागते ती सिग्नलपाशी. चालकाने पाय पेडलवरून काढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि इंजिनाने मात्र स्वतःचे घर्षण सोसण्यापुरतीच शक्ती निर्माण करून जिवंत राहावयाचे! इंग्रजीत या अवस्थेस 'आयडल', म्हणजे रिकामटेकडी, असे नाव आहे. आमचे मिस्त्री तिला नुसते 'स्लो' म्हणतात. दोन्ही नावांवरून तिच्यातील कष्टांची कल्पना येत नाही. मिनिटाला नऊशे फेरे या हिशेबाने चार सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदाला तीस स्फोट व्हावे लागतात, आणि तेही अगदी तुटपुंज्या हवेवर.

हा विषय आमच्या घरात शिरला तो आमच्या कैलासवासी वडीलबंधूंच्या प्रीमियर पद्मिनीमुळे. 1089 घनसेंटिमीटरचे ते लहानसे इंजिन त्यांनी लेकरासारखे जपले होते. ज्या मुंबईत या गाडीची टॅक्सी म्हणून कित्येक दशके सद्दी होती, तेथील तिची शेवटची टॅक्सीही 2023 साली रस्त्यावरून गेली. त्यामुळे घरची गाडी ही आता वस्तू न राहता वारसा झाली होती. बंधूंच्या पश्चात कारबोरेटर वरचेवर कुरकुर करू लागला आणि त्याचे चांगले सुटे भाग मिळेनात. तेव्हा आमच्या पुतण्याने, जो स्वतः इंजिनिअर आहे, तो काढून टाकला, इंजेक्टर बसविले आणि त्यांवर देखरेख करण्यासाठी बाजारातून एक ईसीयू आणला.

येथे एक गोष्ट वाचकांस सांगितली पाहिजे. कारखान्यातून गाडीबरोबर येणारा ईसीयू हा त्या एकाच जातीच्या इंजिनासाठी महिनोन्‌महिने शिकवून तयार केलेला असतो. बाजारातून आणलेल्याचे तसे नाही. तो कोणत्याही इंजिनाची चाकरी करावयास सिद्ध असतो, आणि म्हणूनच कोणत्याच इंजिनाची त्यास ओळख नसते. किती फेऱ्यांना व किती दाबाला किती पेट्रोल द्यावयाचे, ठिणगी किती अंश आधी पाडावयाची, याची चौकटीचौकटींची कोष्टके मालकानेच भरावयाची असतात.

पहिल्या सकाळी गाडी पूर्वी कधी झाली नव्हती इतक्या चटकन सुरू झाली. वहिनींनी तिला ओवाळलेदेखील. परंतु इंजिन पुरते तापले, आणि काटा नाचू लागला. सातशे, तेराशे, पुन्हा सातशे. धाप लागलेल्या माणसाने श्वास घ्यावा तशी ती चाल. मग कर्वे रस्त्यावरच्या एका सिग्नलला गाडी बंद पडली, पुढच्या सिग्नलला पुन्हा पडली, आणि मागील वाहनांनी जो गिल्ला केला तो ऐकून वहिनी घरी आल्या त्या एक शब्दही न बोलता. रात्री त्या एवढेच म्हणाल्या, "ह्यांच्या वेळी ही रस्त्यात कधी थांबली नाही. आता विकून टाका, भावजी." गिऱ्हाईक तयारच होते. पुतण्याने एका महिन्याची मुदत मागून घेतली.

पहिले दोन आठवडे त्याने लॅपटॉपपुढे घालविले. इंजिन वर चढते असे दिसताच हवेची झडप थोडी मिटावयाची, खाली येते असे दिसताच पेट्रोल थोडे वाढवावयाचे, असा त्याचा उपक्रम चाले. प्रत्येक बदलाने गाडी निराळी वागे, पण बरी वागत नसे. अखेरीस बंधूंच्या वेळच्या मिस्त्रींना बोलावणे धाडले. लॅपटॉपशी त्यांचा परिचय नव्हता. त्यांनी पाच मिनिटे नुसते ऐकले आणि विचारले, "दादा, ह्या डब्याकडून इंजिनाला एकंदर किती जणांची मदत चालते?" पुतण्याने मोजून दाखविले. धुराड्यातील सेन्सर पाहून पेट्रोल कमीजास्त करणारा एक, हवेची झडप हलविणारा दुसरा, ठिणगीची वेळ बदलणारा तिसरा, आणि घाट उतरताना पाय पेडलवर नसेल तर पेट्रोलच तोडणारा चौथा. "मग आधी त्या सगळ्यांना सुट्टी द्या," मिस्त्री म्हणाले.

आमच्या मते त्या महिन्यातील सर्वांत शहाणपणाचे वाक्य हेच. त्यास शास्त्राचाही भक्कम आधार आहे. जेम्स वॉटने 1788 साली वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा नियंता बसविला. वेग वाढला की गोळे बाहेर फाकत आणि वाफ कमी करीत. पुढे असे दिसून आले की, काही इंजिने या नियंत्यामुळेच हेलकावे खाऊ लागतात. 1868 साली मॅक्सवेलने या प्रश्नावर निबंध लिहून गणिताने दाखविले की, नियंत्रित यंत्रातील हेलकावा केव्हा विरत जातो आणि केव्हा वाढत जातो हे यंत्राच्या व नियंत्याच्या घडणीवरून ठरते. उपाय उशिरा पोहोचत असेल आणि जोराचा असेल, तर तो पोहोचेपर्यंत दुखणे उलटलेले असते, व औषध त्या उलट्या दुखण्यात भर घालते. मोटारीच्या इंजिनात हा उशीर ठिकठिकाणी भरलेला आहे. झडप उघडली तरी मॅनिफोल्ड हवेने भरण्यास वेळ लागतो. जळालेला वायू सेन्सरापर्यंत जाईतो आणखी वेळ जातो. ठिणगी तेवढी पुढच्याच स्फोटाला लागू होते.

मदतनीस रजेवर जाताच काट्याचा नाच थांबला. इंजिन तापल्यावर बाराशे पन्नासावर स्थिर उभे राहिले, आणि हीच मोठी बातमी होती. कारण झडप व थ्रॉटल दोन्ही मिटलेली होती. इतक्या फेऱ्यांना पुरेल एवढी हवा येत होती कोठून? मिस्त्रींनी थ्रॉटलच्या तोंडावर तळहात दाबून धरला. इंजिन गुदमरून बंद पडावयास हवे होते. ते खोकत खोकत चालतच राहिले. मग त्यांनी पिचकारीत पाणी घेऊन सांध्यासांध्यांवर थेंब सोडण्यास आरंभ केला. जुना मॅनिफोल्ड व नवा थ्रॉटल जोडण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची जी पट्टी करवून घेतली होती, तिच्या मागील कडेवर थेंब पडले मात्र, फेरे क्षणभर खाली आले. गार असताना पट्टी सपाट बसे. उष्णतेने ती केसभर वाकडी होई आणि तेथून हवा आत शिरे.

सर्व नाटकाचा उलगडा आता झाला. चोरवाटेच्या हवेने फेरे वर चढत. झडपेचा अधिकारी ते उतरविण्यासाठी झडप पार मिटून घेई. फेरे तेराशेला पोहोचले की चौथ्या मदतनिसास वाटे, गाडी खंबाटकी उतरते आहे. आणि तो पेट्रोल तोडी. फेरे कोसळत. पेट्रोल पुन्हा सुरू होई, झडप घाईघाईने उघडे, आणि चोरवाट तर होतीच. जो तो आपले काम नेमून दिल्याप्रमाणे बजावीत होता, हे आम्हांस विशेष मौजेचे वाटले. कचेऱ्यांचा ज्यांना अनुभव आहे त्यांस या चित्रात नवल वाटणार नाही.

मिस्त्रींनी पट्टी उतरविली, काचेच्या तावदानावर पॉलिश पेपर पसरून तीवर ती घासघासून सपाट केली व नवे पॅकिंग घातले. त्यानंतरचे काम पुतण्याचे. इंजिन बंद ठेवून दाबाचा सेन्सर पुण्याच्या उंचीला शोभेल असा सुमारे 95 किलोपास्कल दाखवितो, समुद्रकाठचा 101 नव्हे, याची त्याने खातरी करून घेतली. स्लोला इंजिन कोष्टकाच्या ज्या चार-पाच चौकटींत घुटमळते त्यांतील आकडे शेजारधर्माला न शोभण्याइतके भिन्न होते. एका चौकटीतून दुसरीत पाऊल पडताच मिश्रण बदले. ते त्याने एकसारखे केले. ठिणगी मात्र मुद्दाम उताराची ठेवली, म्हणजे फेरे घटले की थोडी आधी, वाढले की थोडी उशिरा. एवढ्यानेच इंजिन आपले आपण सावरू लागले. झडपेस मग अगदी मंद अधिकार दिला, धुराड्याच्या सेन्सरास त्याहून मंद, आणि पेट्रोल तोडण्याची मर्यादा पुष्कळ वर नेऊन ठेवली. प्रत्येक मदतनीस एकेका दिवसाच्या अंतराने कामावर घेतला. पुतण्याला याची घाई होती, मिस्त्रींना नव्हती.

एक उणीव उरली होती. रात्री दिवे लावले की इंजिन किंचित लटपटे. दिव्यांनी विजेचा दाब उतरतो आणि इंजेक्टर उघडण्यास अधिक वेळ घेतो. स्लोला तो उघडा राहावयाचा तोच मुळी दोन-तीन सहस्रांश सेकंद, त्यातून उघडण्यातच अधिक वेळ गेला तर पेट्रोल उणे पडणारच. दाबाप्रमाणे ही भरपाई देण्याचे वेगळे कोष्टक असते. ते भरण्यात दोन रात्री गेल्या.

मुदतीचे चार दिवस उरले असता पुतण्याने सायंकाळी गाडी अंगणात सुरू करून ठेवली व आईला हाक मारली. वहिनी आल्या, पण आत बसल्या नाहीत. बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्वतःच दिवे लावावयास सांगितले. काटा थोडा खाली गेला आणि नऊशेवर परतला.

"टाकीत पेट्रोल किती आहे?" त्यांनी विचारले.