वर जावे की बाहेर पडावे

शास्त्री आणि सोनवी यांच्या संगमावर वसलेल्या संगमेश्वरच्या पेठेला पूर नवा नाही. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि छपराखाली माळा, ही तेथील घरांची जुनी ठेवण. शास्त्रीची इशारा पातळी ६.२० मीटर, धोक्याची ७.८० मीटर, या दोहोंमधल्या अवधीत किती पोती माळ्यावर जातील, हे जुना दुकानदार तोंडपाठ सांगतो. घरातली माणसे किती वेळात बाहेर पडतील, हा हिशेब मात्र सहसा कोणी मांडलेला नसतो. आजीला उचलून न्यायला दोन माणसे लागतात, आणि नेमक्या त्या वेळी दोघेही पोती उचलत असतात.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची पेठ वाशिष्ठीच्या पुरात बुडाली, तेव्हा वरच्या मजल्याने अनेकांना तारले. तोच मजला आगीत सापळा ठरतो. लाकडी जिना एकच, तोही दुकानातून; मागचे दार खोक्यांनी अडलेले; शटरची किल्ली गल्ल्यात; आणि धूर तर वरच चढतो. म्हणून पुरात वर, आगीत बाहेर, हे मुलांनाही पाठ हवे. गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालू असलेले बंदही करू नये. दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे. भूकंपात हादरे थांबेपर्यंत भक्कम टेबलाखाली आणि मग मोकळ्या जागी. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट कोकणातले वृद्ध विसरलेले नाहीत. डोंगरउतारावर घर असेल आणि जमिनीला भेगा दिसल्या, तर रात्र तेथे काढूच नये.

खरा पेच निराळाच आहे. ‘आता माल सोडा’ हे म्हणायचे कोणी? एकत्र कुटुंबात तो मान वडीलधाऱ्यांचा. पण मालात जीवही त्यांचाच सर्वांत अधिक गुंतलेला. हा अधिकार थोरल्या सुनेकडे द्यावा हे बरे, कारण घरात या क्षणी कोण कोठे आहे, हे तिलाच ठाऊक असते. तिने शब्द टाकला की पोते हातातून सुटले पाहिजे.

चुकामूक झाल्यास निरोप ठेवायला परगावचा एक नातलग आधीच ठरवावा. कोल्हापूर-सांगलीचा मात्र नको; २०२१ च्या त्याच आठवड्यात तेही पाण्यात होते. उधारीच्या वह्या आणि विम्याचे कागद यांची छायाचित्रे त्याच्याकडे असू द्यावीत. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक जिन्यापाशी ठळक लिहून ठेवावा.

मग मृगापूर्वी एका रात्री दिवे मालवून, आजीसह सर्वांनी मागच्या दाराने एकदा बाहेर पडून पाहावे. गंजलेली कडी त्याच रात्री सापडते.