अण्णांच्या नावाची पावती

दर रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर बसतो. कुणाचे रेशनकार्ड, कुणाचा जातीचा दाखला, कुणाचा निराधार योजनेचा अर्ज, कुणाचे घराचे कागद. गेली अठरा वर्षे हे चालू आहे. लोक ‘साहेब’ म्हणतात, पण आम्ही कसले साहेब! एका खाजगी कंपनीत बिले तपासणारे कारकून. बी.कॉम. झालो आणि अर्ज बिनचूक लिहिता येतो, एवढेच आमचे भांडवल.

मागच्या पावसाळ्यात एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आल्या. नागपाड्याकडची त्यांची इमारत कधीच पाडलेली. संक्रमण शिबिरात राहतात आणि कायमच्या घराच्या यादीत नाव आहे. नाव आहे ते यजमानांचे आणि यजमान जाऊन सहा वर्षे झालेली. आम्ही जरा चढ्या आवाजात म्हणालो, “ताई, सहा वर्षं काय केलंत?” त्या खाली मान घालून म्हणाल्या, “भाऊ, त्यांच्या नावाला हात लावावासा वाटला नाही.”

घरी जाताना आमचा तो चढा आवाज आमच्याच कानात घुमत राहिला. कारण आमच्या घरी हे सहा नव्हे, तब्बल नऊ वर्षे चालले होते!

आमचे अण्णा गिरणीतले. १९८२ च्या संपात नोकरी गेली, पुढे रखवालदारी केली. चिंचपोकळीला जुन्या इमारतीत आमची दहा बाय बाराची खोली, भाडे महिना १९ रुपये. १९९४ च्या पावसाळ्यात जिना खचला. घर रिकामे करण्याची नोटीस आली आणि आठ दिवसांत आम्ही ट्रकात सामान भरून शीवच्या प्रतीक्षानगरात आलो. “दोन-तीन वर्षांत परत जायचं आहे,” म्हणून आईने भिंतीला खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता. वसाहतीचे नाव ज्याने ठेवले तो मोठा दूरदृष्टीचा माणूस असावा, असे इथले लोक हसून म्हणतात.

ज्यांचा या यादीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मुंबई बेटावरच्या जुन्या भाड्याच्या इमारती पडू लागल्या, तेव्हा १९६९ साली कायदा झाला. अशा इमारतींवर उपकर बसला आणि त्यांची दुरुस्ती व पुनर्बांधणी मंडळाकडे आली. त्या वेळी अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. इमारत धोकादायक झाली की भाडेकरूला तात्पुरते, अल्प भाड्याचे घर संक्रमण शिबिरात मिळते. इमारत पुन्हा बांधली की परत जायचे. पण काही भूखंड इतके अरुंद, काही रस्तारुंदीत किंवा आरक्षणात गेलेले, की तिथे इमारत उभीच राहू शकत नाही. अशा भाडेकरूंची एक वेगळी यादी असते, तिला बृहतसूची म्हणतात. दुसरीकडे मंडळाच्या ताब्यात घरे येतील तशी ती त्या यादीतल्यांना द्यायची. आमचा भूखंड अरुंद निघाला, म्हणून आम्ही त्या यादीत.

अण्णा कागदांच्या बाबतीत फार काटेकोर. भाडेपावत्या, जुन्या खोलीचे विजेचे बिल, नोटीस, शिबिरातल्या गाळ्याचे वाटपपत्र, सगळे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात माळ्यावर. २००९ साली ते गेले. आईने तो डबा उतरवला, कागद फडक्यात बांधले आणि तांदळाच्या पिंपात ठेवले. तिच्या मते घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

आणि आम्ही? आम्ही रविवारी ओट्यावर बसून लोकांना “वारसनोंद करून घ्या” म्हणून बजावत होतो! अण्णांचे नाव यादीत आहे, भाडे भरले जाते आहे, मग घाई कसली, असे वाटे. खरे सांगायचे तर त्या बाईंसारखेच आमचेही झाले होते. नाव बदलायचे म्हणजे अण्णा नाहीत हे कागदावर लिहून द्यायचे.

२०१८ साली पात्रता तपासणीचे बोलावणे आले ते अण्णांच्या नावाने. आईला घेऊन गेलो. टेबलामागचे गृहस्थ भले होते. त्यांनी आवाज न चढवता विचारले, “मूळ भाडेकरू कुठे आहेत?” आईने आमच्याकडे पाहिले. बी.कॉम. झालेला, अठ्ठावीस घरांचे अर्ज भरलेला तिचा मुलगा शेजारी उभा होता आणि त्याच्याजवळ साधा अर्ज नव्हता.

घरी येऊन पिंप उघडले. १९८७ ची पावती झुरळांनी कोपऱ्यात खाल्लेली, नेमकी तारखेची बाजू गेलेली. मग जुन्या मतदार यादीचा उतारा काढला आणि विजेचे बिल जोडले. त्यावर निभावले. घरमालकाने पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे. पण दिलेली पावती जपणे आपल्याच हाती.

खरे अवघड पुढेच होते. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो की भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरते, तशी कोणी नसेल तर वारस, आणि घरात एकमत नसेल तर कोर्ट ठरवते. म्हणजे धाकटा भाऊ आणि फलटणला दिलेली ताई, दोघांच्या संमतीच्या सह्या हव्यात. भाऊ बदलापूरहून आला, चहा प्यायला, “माझं काय?” म्हणून विचारले आणि तासाभराने सही करून गेला. ताईने मात्र कागद दोन दिवस उशाशी ठेवला. म्हणाली, “सही करते. पण आईनंतर त्या घरात मला हक्कानं पाय ठेवता येईल का, तेवढं लिहून दे.”

आम्ही गप्प राहिलो. ओट्यावर स्त्रियांच्या हक्कांवर बोलणारे आम्ही! घर आमच्याच नावावर करायचे हे आम्ही न विचारता ठरवून टाकले होते, हे तेव्हा लक्षात आले. दुसऱ्या दिवशी अर्ज नव्याने लिहिला, आईच्या नावाने. आई म्हणाली, “आरं, मी पिकलं पान. माझं नाव कशाला?” ताई म्हणाली, “लिही रे.” आणि तिने सही केली. तिला जे लिहून हवे होते तेही आम्ही वेगळ्या कागदावर लिहून दिले. कायद्यात त्याचे वजन किती, हे आम्ही आणि ती दोघेही जाणतो. तो कागद तिच्याकडे आहे.

आई पात्र ठरली. घर अजून नाही. २०२३ साली या यादीसाठी संगणकीय सोडत निघाली, तेव्हा आईने दिवसभर टीव्ही चालू ठेवला होता. मध्यंतरी एका दलालाने तिला बाजारात गाठले. ऐंशी हजारांत नंबर वर आणतो म्हणाला. आईने विचारले, “पावती देशील का?” तो परत फिरकला नाही. शेजारच्या गाळ्यातल्या एकाने मात्र असे पैसे दिले. पैसे गेले, वर खोटा कागद जोडल्याने अर्जही अडकला.

आम्ही आता माहितीच्या अधिकारात विचारतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला की तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. कोणताही कागद देताना दुसऱ्या प्रतीवर पोचशिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडत नाही. शिक्का मारणारा जेवायला गेला असेल तर थांबतो. कंपनीत अर्धा दिवस जातो, जाऊ द्या.

त्या बाई दिवाळीनंतर पुन्हा आल्या. दिराची आणि दोन नणंदांची सही आणली होती. अर्ज त्यांच्या स्वतःच्या नावाने लिहिला. यजमानांच्या नावापुढे ‘मयत’ लिहिताना आम्ही पेन थांबवले, तर त्याच म्हणाल्या, “लिहा भाऊ.” सोमवारी आम्ही रजा टाकून बरोबर गेलो. शिक्का मिळाला. येताना त्यांना घरी चहाला आणले. ती प्रत हातात धरून त्या आईला विचारत होत्या, “मावशी, आता हे कुठं ठेवू?”

आई म्हणाली, “कुठंबी ठेव बाई, पण तांदळात नको.”