पाव तासाचं सूप

बाबांच्या दाढा काढल्या आणि आमच्या घरी संध्याकाळच्या पोळी-भाजीला सुट्टी मिळाली. कवळी बसायला अवकाश होता, त्यात त्यांना रक्तदाबाचा त्रास. डॉक्टरांनी सांगितलं, मऊ आणि पातळ द्या, मीठ बेताचं, आणि सुरुवातीचे दिवस सगळं कोमट. स्ट्रॉ तर अजिबात नको, ओढण्याच्या जोराने जखमेवरची गुठळी निसटते. मी डोंबिवलीला घरी पोचते तेव्हा साडेआठ वाजलेले असतात आणि बाबांना नऊच्या आत जेवायची सवय. तेव्हा सूप करायचं तर पाव तासातच.

सगळ्यात जवळचा रस्ता तयार पाकिटाचा. दुकानात उभ्याउभ्या पाकिटाची मागची बाजू वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचा आपल्याकडे नियम आहे. जे आधी, ते जास्त. माझ्या हातातल्या टोमॅटो सूपमध्ये टोमॅटोच्या आजूबाजूला पिष्ट आणि साखर होती, मीठही फार मागे नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पाकिटात ते आधीच पडलेलं असतं, कमी करायचं म्हटलं तरी करता येत नाही. ते मी परत ठेवलं. स्टॉकच्या वड्यांचंही तेच.

मात्र सोय म्हणजे वाईटच असं मी मानत नाही. सोललेला लसूण, फ्रोझन मटार, बिनमिठाची टोमॅटो प्युरी मी बिनदिक्कत आणते. माझी कसोटी एकच: कष्ट त्यांनी वाचवावेत, चव आणि मीठ माझ्या हाती राहू द्यावं.

खरी मदत झाली ती सकाळच्या कुकरची. तुरीची डाळ शिजली की मीठ-फोडणी पडायच्या आधीच वाटीभर काढून फ्रिजमध्ये ठेवायची. संध्याकाळी पातेल्यात चमचाभर तूप, जिरं, ठेचलेला लसूण, मग चार चमचे प्युरी. इथे घाई करायची नाही. प्युरी आटून कडेने तूप सुटू लागलं, तिचा उग्र वास गेला, की मगच डाळ आणि दोन वाट्या गरम पाणी. टोमॅटोतलं लायकोपीन शिजवल्यावर आणि स्निग्धाबरोबर अंगी लागतं, म्हणून तूप चुकवत नाही. रवीने घुसळायचं, एक उकळी, वरून मिरपूड. डाळीमुळेच सूप दाट होतं, कॉर्नफ्लोअर लागत नाही आणि पोटालाही आधार होतो.

मटारचं त्याहून झटपट. गोठवण्याआधी ते गरम पाण्यातून काढलेले असतात, त्यामुळे चार-पाच मिनिटांत मऊ होतात. आल्याचा तुकडा आणि पुदिन्याची पानं घालून मिक्सरमधून काढायचे. ते मी गाळूनही घेते. सालं हिरडीला टोचतात.

बाबा मूळचे देवगडकडचे, त्यामुळे कुळथाचं पीठ घरात असतंच. भाजून, भरडून, सालं पाखडून दळलेलं ते पीठ म्हणजे आमच्याकडची सगळ्यात जुनी झटपट सोय. पीठ गार पाण्यातच कालवायचं. गरम पाण्यात टाकलं की गुठळीचा बाहेरचा थर लगेच फुगून बसतो आणि आत पीठ कोरडंच राहतं. लसणाच्या फोडणीत पाणी ओतून उकळी आली की कालवलेलं पीठ धारेने सोडायचं, दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, आणि दोन आमसुलं टाकायची. नेहमीच्या पिठीपेक्षा दुप्पट पातळ ठेवलं की भांड्यातून पिता येतं. पहिल्यांदा केलं तेव्हा बाबांनी भांडं खाली ठेवलं नाही. मग म्हणाले, “उद्या आमसूल एक जास्त टाक गो.” दाढा काढल्यापासून त्यांनी जेवणाबद्दल स्वतःहून काढलेला तो पहिला शब्द. मला काय वाटलं ते सांगता येत नाही.

आता कवळी बसली आहे, तरी रात्री ते सूपच मागतात.

तुमच्याकडे कोणी आजारातून उठत असेल, कुणाला चावता येत नसेल, तर एवढं करा: सकाळची वाटीभर डाळ बिनमिठाची बाजूला काढून ठेवा, आणि संध्याकाळी मीठ अगदी शेवटी, चव घेऊनच घाला.